समाजमंदिरात बँड वाजला तर वाजू दे

ठाण्याहून पनवेल लोकल पकडायची, खिडकी मिळाली तर उत्तम नाहीतर दारात उभं राहायचं, हेडफोन घालायचे आणि द क्युअर या ब्रिटिश बँडचा 'साँग्स ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' हा अल्बम पहिल्यापासून लावायचा. पहिलं गाणं 'अलोन', त्यात तीन मिनिटांहून जास्त वेळ कोणी गातच नाही, नुसते जड ड्रम, कीबोर्डचे ढग आणि खालून सायमन गॅलपचा बेस, म्हणजे दिघा गाव जवळ आलं तरी गायक रॉबर्ट स्मिथने अजून तोंड उघडलेलं नसतं. माझं स्टेशन कोपरखैरणे, तिथे चौथं गाणं लागतं आणि मी उतरतो, पण एका रविवारी उतरलोच नाही. अल्बम 49 मिनिटांचा, पनवेलपर्यंतचा प्रवासही साधारण तेवढाच, शेवटचं 'एंडसाँग' दहा मिनिटांहून मोठं, ते बेलापूर गेल्यावर सुरू झालं आणि खारघरचे डोंगर मागे पडले तरी चालूच होतं. पनवेलला फलाटावर एक चहा घेतला आणि तीच गाडी पकडून परत आलो. बायकोला सांगितलं मित्र भेटला होता. खोटं नाही ते अगदी.

तर हा अल्बम आला 1 नोव्हेंबर 2024 ला, आपल्याकडे त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं, बाहेर माळा फुटत होत्या आणि मी आत बसून भाऊ गेल्याचं गाणं ऐकत होतो. स्मिथने ते स्वतःच्या मोठ्या भावावर लिहिलंय. घरात कोणी विचारलं नाही म्हणून बरं, सणाच्या दिवशी हे काय लावलंयस याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आधीचा अल्बम 2008 चा, मध्ये सोळा वर्षांची गॅप, गायक 65 वर्षांचा, आणि तरी ब्रिटनमध्ये थेट एक नंबर, जे या बँडला 1992 नंतर जमलंच नव्हतं. ज्यांनी हा बँड ऐकला नाही त्यांच्यासाठी, ड्रीम-पॉप म्हणजे गिटारवर इतका इको आणि कोरस (सूर पसरवणारे इफेक्ट) चढवायचा की गिटार कुठे संपते आणि कीबोर्ड कुठे सुरू होतो ते कळत नाही, आणि पोस्ट-पंक म्हणजे साधारण उलटं, बेसने चाल पुढे न्यायची, गिटारने मागे राहून ओरखडे काढायचे, गाणाऱ्याने गोड गायचा प्रयत्न करायचा नाही. हे लोक 45 वर्षं या दोन्हीच्या मधल्या बांधावरून चालतायत. कधी एका शेतात पाय, कधी दुसऱ्या.

अल्बमबद्दल जे काही लिहून आलं त्यात सगळ्यांनी म्हातारपण, मरण, दुःख यावर भरपूर लिहिलं. बरोबरच आहे. पण मला त्या लोकलमध्ये वेगळाच प्रश्न पडला होता. 65 व्या वर्षी इतकं पिकलेलं काम करणारा माणूस सतराव्या वर्षी कच्चं वाजवत असणारच, वाईट वाजवत असणार, मग ते कुठे वाजवत होता? त्याला कोणी वाजवू दिलं?

उत्तर आहे क्रॉली. आणि इथे आपण नवी मुंबईकरांनी जरा कान टवकारायला पाहिजेत, कारण क्रॉली म्हणजे काही लंडन नव्हे. लंडनच्या दक्षिणेला, गर्दी बाहेर हलवायची म्हणून 1947 मध्ये सरकारने नकाशावर आखून बसवलेलं नवं शहर, सेक्टरसारख्या वस्त्या, प्रत्येक वस्तीला तिची दुकानं, तिची शाळा, बाजूला गॅटविक विमानतळ. ओळखीचं वाटतंय ना? आपली सिडको 17 मार्च 1970 ची, मुंबईची गर्दी खाडीपलीकडे न्यायला स्थापन झालेली, आणि विमानतळाचं म्हणाल तर तेही आता झालं, डिसेंबर 2025 पासून विमानं उडायला लागली. म्हणजे आराखडा जवळजवळ तोच. सगळं नीट, सगळं जागच्या जागी आणि संध्याकाळी पोरांनी करायचं काय हा कॉलम रिकामा.

तिथे शाळासोबत्यांनी बँड काढला, डिसेंबर 1976 मध्ये शाळेच्या हॉलमध्ये वाजवला, नाव तेव्हा वेगळंच होतं, मग गावातल्या रॉकेट नावाच्या पबमध्ये वाजवत राहिले, तालीम स्मिथच्या आईवडिलांच्या घरी. 1977 मध्ये एका रेकॉर्ड कंपनीची स्पर्धा जिंकून करार मिळाला, तर कंपनीला यांची स्वतःची गाणी नकोच, दुसऱ्यांची गाजलेली वाजवा म्हणे. पोरांनी ऐकलं नाही, 1978 मध्ये करार संपला, एकही रेकॉर्ड न निघता. 1979 चा पहिला अल्बम तर स्मिथला स्वतःलाच पटला नव्हता, कव्हरवर बँडच्या जागी दिवा, फ्रिज आणि व्हॅक्यूम क्लीनर, ते पण नव्या रेकॉर्ड कंपनीने ठरवलेलं. आणि मग बघा, 1980, 81, 82, दरवर्षी एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा काळोखा. ही जी चार-पाच वर्षं आहेत ना, चुकायची, भांडायची, चाळीस माणसांसमोर गाणं पडलं तर घरी जाऊन बदलायची, ती त्यांना मिळाली ती शाळेच्या हॉलने आणि गावातल्या पबने दिली. स्टेडियमने नाही दिली.

स्टेडियम आपल्याकडे आहे. नेरूळचं डी. वाय. पाटील. जस्टिन बीबर 2017 ला तिथे, यू-टू डिसेंबर 2019 ला तिथे, कोल्डप्ले जानेवारी 2025 मध्ये तीन रात्री तिथे. त्या तीन रात्रींसाठी नेरूळ, जुईनगर, सीवूड्सच्या लोकांनी रस्ते बंद, पार्किंग बंद, रिक्षा बंद असं सगळं सहन केलं. तिकीट अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत, आणि ब्लॅकमध्ये लाखांच्या गोष्टी. मी स्वतः त्या ऑनलाइन रांगेत होतो, माझा नंबर सहा लाखांच्या पुढे, समोर एक हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने सरकतेय आणि माझा चहा गार. तिकीट नाही मिळालं. त्याचं दुःख आता राहिलं नाही, पण प्रश्न राहिलाय. एवढा पैसा या शहरातून, या शहराच्या रस्त्यांवरून, या शहराच्या पोलिसांच्या बंदोबस्तात गेला, तर त्यातलं या शहराच्या गाण्यासाठी काय उरलं? वडापाववाल्यांचा धंदा झाला, हॉटेलं भरली, मान्य. गाण्यासाठी काय?

माझं म्हणणं साधं आहे. नेरूळच्या स्टेडियममध्ये किंवा ठाणे-नवी मुंबईत कुठेही मोठा तिकिटाचा शो झाला की प्रत्येक तिकिटामागे वीस रुपये बाजूला काढायचे आणि ते फक्त लहान जागांसाठी वापरायचे. रात्रीला चाळीस हजार लोक धरा, तीन रात्री, एक लाख वीस हजार तिकिटं, चोवीस लाख रुपये. पस्तीस हजाराचं तिकीट घेणाऱ्याला वीस रुपये म्हणजे काय हो, पाण्याच्या बाटलीला तो आत त्याहून जास्त देतो. आणि चोवीस लाखांत काय होतं? तर प्रत्येक नोडमधल्या, म्हणजे सिडकोच्या एकेका वसाहतीतल्या, एका समाजमंदिरात बरी साउंड सिस्टीम, दोन ॲम्प, एक ड्रमकिट, भिंतींना आवाज अडवणारं अस्तर, आणि महिन्यातून दोन संध्याकाळी नाममात्र भाड्याने हॉल. सगळ्या नोडांना एकाच वेळी नाही पुरणार कदाचित, दोन-तीन जागांपासून सुरुवात करा. बांधकाम नको. आपल्याकडे बांधकाम म्हटलं की दहा वर्षं गेली.

ही कल्पना माझ्या डोक्यातून आलेली नाही, श्रेय घेणार नाही. फ्रान्समध्ये अशा कार्यक्रमांच्या तिकिटावर 3.5 टक्के कर आहे आणि तो त्याच क्षेत्रात परत जातो. ब्रिटनमध्ये लहान जागा एकामागून एक बंद पडायला लागल्यावर मे 2024 मध्ये खासदारांच्या समितीने सांगितलं की स्टेडियम आणि अरीनाच्या तिकिटातून लहान जागांना पैसा गेला पाहिजे. आणि कोल्डप्लेने, हो याच कोल्डप्लेने, 2025 च्या ब्रिटनमधल्या शोंच्या कमाईतले 10 टक्के तिथल्या लहान जागा सांभाळणाऱ्या ट्रस्टला द्यायचं जाहीर केलं. त्यांच्या देशात त्यांना कोणीतरी मागितलं, म्हणून त्यांनी दिलं. आपण मागितलं का? आपण सेल्फी मागितला.

आता कोणी म्हणेल बाजारात जे विकतं ते विकतं, तिकिटाचे दर मागणी ठरवते, त्यात तुम्ही कोण वीस रुपये घुसवणारे. या लोकांसाठी पुन्हा रॉबर्ट स्मिथ. 2023 च्या अमेरिका दौऱ्यात त्याने मागणीनुसार वाढणारे दर नाकारले, काही ठिकाणी तिकीट वीस डॉलरपासून ठेवलं, जिथे कायदा परवानगी देतो तिथे तिकीट दुसऱ्याला विकताच येणार नाही अशी सोय केली. मग कळलं की तिकीट कंपनीने फी लावून लावून तिकिटाइतकीच फी केलीय. याने जाहीर आरडाओरडा केला, आणि कंपनीने स्वस्तातल्या तिकिटांवर दहा आणि बाकीच्यांवर पाच डॉलर परत केले. खूप नाहीत पैसे. पण कळलं काय, तर दर हा काही पाऊस नाही वरून पडायला, कोणीतरी माणूस बसून ठरवतो, आणि दुसरा माणूस अडून बसला तर बदलतोही. नवा अल्बम आला त्या रात्री लंडनच्या ट्रॉक्सी हॉलमध्ये त्यांनी 31 गाणी, तीन तास वाजवली आणि ते सगळं यूट्यूबवर फुकट दाखवलं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजून गेला होता, मी अर्धी गाणी बघितली, लक्ष्मीपूजनाचा दमलेला होतो, मग झोपलो.

आणखी एक गोष्ट या अल्बमची मला फार महत्त्वाची वाटते. यातली बरीच गाणी रेकॉर्ड बाजारात यायच्या दोन वर्षं आधीपासून, 2022 च्या दौऱ्यापासून, ते स्टेजवर वाजवत होते. म्हणजे इतका नाव कमावलेला बँडसुद्धा गाणं लोकांसमोर ठेवून, चाखून, पुन्हा शिजवून मग डब्यात भरतो. हे आपल्याला, मराठी माणसाला, कोणी समजावून सांगायची गरज आहे का? नाटकवाल्यांनी आयुष्यभर हेच केलं. पहिला प्रयोग आणि पन्नासावा प्रयोग यात किती फरक असतो ते गडकरी रंगायतनच्या बाहेर बटाटेवडा खाणारा कोणीही सांगेल.

आणि नाटकाच्या बाबतीत आपण ही लढाई एकदा लढलोय. 1974 च्या सुमाराला दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये आविष्कार या नाट्यसंस्थेने प्रायोगिक नाटकं सुरू केली. शाळेचा साधा हॉल, मोठ्या थिएटरचं भाडं परवडणार नाही अशांसाठी. तिथून काय काय निघालं ते मी यादी करत बसत नाही, तुम्हाला माहितीय. पुढे तीच मंडळी माहीमच्या महापालिका शाळेत गेली. म्हणजे महापालिकेच्या शाळेची खोली संध्याकाळी कलेसाठी वापरली तर आभाळ कोसळत नाही याचा पुरावा आपल्याकडे घरातलाच आहे. त्याच दशकात तिकडे क्रॉलीत शाळेच्या हॉलमध्ये पोरं गिटार ट्यून करत होती, इकडे छबिलदासमध्ये पोरं दिवे लावत होती. फरक एवढाच की नाटकाला आपण 'चळवळ' म्हणालो आणि बँडला अजून 'आवाज' म्हणतो.

आवाजावरून आठवलं. मुंबईत धोबी तलावला रंगभवन होतं, उघड्यावरचं, तिथे रॉकचे शो व्हायचे, आजूबाजूला हॉस्पिटलं म्हणून तो सायलेन्स झोन ठरला आणि ते बंद पडलं. मी त्या निर्णयाला चूक म्हणत नाही. माझे वडील हॉस्पिटलमध्ये असताना खिडकीखाली डीजे वाजला होता, त्या रात्री माझ्या डोक्यात काय काय आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. रात्री दहानंतर लाउडस्पीकर नको, हा नियम मला मान्यच आहे. पण म्हणूनच तर बंद खोली पाहिजे ना! अस्तर लावलेली, दारं बंद होणारी, साडेनऊला संपणारी. आज काय होतं, तर नियम मोडून रस्त्यावर वाजवणाऱ्याला कोणी काही बोलत नाही, आणि नियमात राहून खोलीत वाजवणाऱ्याला खोली मिळत नाही.

लोक म्हणतात ही इंग्रजी वाद्यं, मूठभर पोरांची हौस, आधी पाणी द्या, खड्डे बुजवा. खड्डे बुजवाच. पण मूठभर पोरं हे मला पटत नाही, कारण नवी मुंबईत लाइव्ह संगीत कुठे जिवंत आहे ते बघायचं असेल तर पबमध्ये जाऊ नका, लग्नसराईत गावठाणात जा. हळदीची रात्र, मांडव, बेंजो पार्टी, आगरी-कोळी गाणी, कधी कधी त्याच गावातल्या कोणी लिहिलेली नवी. बेंजोवाला पोरगा समोरच्या बायकांच्या पायाकडे बघून लय वाढवतो, कमी करतो. हे शिकवायला कुठलं कॉलेज नाही. हळदीचा मांडव हीच या शहराची खरी लहान जागा, सिडकोच्या नकाशात नसलेली, आणि ती टिकली कारण गाव नकाशाच्या आधीपासून होतं. नोडमधल्या बिल्डिंगीतल्या पोरांना असा मांडव नाही. त्यांच्याकडे जॅमरूम आहे, तासाच्या भाड्याची, जिथे तुम्ही भिंतींसमोर वाजवता. भिंत कधी कंटाळत नाही, हाच तिचा दोष.

पबवाल्यांचं तर विचारूच नका. माझ्या ओळखीच्या एका बँडला दर शुक्रवारी काम आहे, चांगले पैसे मिळतात, अट एकच, स्वतःचं गाणं नाही. शुक्रवारी सुफी, शनिवारी नव्वदच्या दशकातली हिंदी. क्रॉलीच्या पोरांना 1977 मध्ये कंपनीने हेच सांगितलं होतं. मी पबवाल्याला दोष देत नाही, त्याला भाडं भरायचंय, लायसन्सं काढायचीत, टेबलं फिरवायचीत. म्हणून तर म्हणतो की ज्या जागेला टेबलं फिरवायची नाहीत अशी एक जागा लागते, आणि ती बाजार देणार नाही.

रीलवर बनतात की हल्ली बँड, असं भाचा म्हणतो. बनतात. तीस सेकंदांचं गाणं बनतं. तीन मिनिटं नुसते ड्रम आणि बेस वाजवत माणसांना धरून ठेवायचं, गाणारा गात नाही तरी कोणी उठून जात नाही, हे रीलवर शिकता येणार नाही, ते उठून जाणारी माणसं समोर असल्यावरच शिकता येतं.

सरकारला हे समजत नाही असंही नाही. संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट पाचशे रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नाही, त्यावर गेलं की 18 टक्के. म्हणजे पाचशेच्या आतला कार्यक्रम वेगळ्या जातीचा आहे, त्याला सांभाळायला पाहिजे, हे कागदावर मान्य आहे. मग त्या पाचशेच्या आतल्या कार्यक्रमाला उभं राहायला फरशीही द्या की. ठाण्यात घाणेकरला लघु नाट्यगृह आहे, वाशीत भावे आहे, पण ती नाटकांची घरं, तिथल्या तारखांवर नाटकवाल्यांचाच आधी हक्क, आणि तो असावा. मला ती नकोत. सिडको आता वीस हजार लोकांचं मोठं अरीना करायचं म्हणतेय, त्याच्या जाहिरातीत जागतिक दर्जा वगैरे असणारच. करा. पण त्याच टेंडरमध्ये, त्याच कागदावर, तिकिटामागे वीस रुपयांचं कलम आत्ताच टाका, कारण एकदा अरीना उभं राहिलं की मग कोणी ऐकणार नाही, तेव्हा सांगतील कराराच्या बाहेर आहे.

भाच्याचं सांगायचं राहिलं. वय एकोणीस, घणसोलीत राहतो, बँडमध्ये चौघं, बेस वाजवणारा गावठाणातला, हळदीला बेंजो वाजवतो त्यामुळे त्याची लय बाकी तिघांपेक्षा पक्की. मराठीत गातात, गिटारवर इतका इको की शब्द अर्धे कळत नाहीत, मी सांगितलं तर म्हणाला मामा तेच पाहिजे आम्हाला. त्यांनी मध्यंतरी एक हॉल बुक केला, कुठला ते राहू दे. अर्जावर छापील पर्याय होते, लग्न, साखरपुडा, बारसं, वाढदिवस, शोकसभा. गाण्याचा कार्यक्रम असं लिहिलं तर खिडकीवरच्या साहेबांनी पोलिसांचं पत्र आणा, सोसायट्यांची हरकत नाही असं आणा, मग बघू म्हणून अर्ज परत केला. दुसऱ्या दिवशी पोरांनी वाढदिवसावर टिक केली, हॉल लगेच मिळाला. पस्तीस-चाळीस लोक आले, मी पण होतो, तिसऱ्या गाण्याला ॲम्प गेला, ड्रमरने एकट्याने चार मिनिटं ओढून नेलं, आणि खरं सांगतो, संध्याकाळचं सगळ्यात चांगलं तेवढंच होतं. ते आता गाण्यात कायम ठेवलंय त्यांनी.

पुढच्या महिन्यात परत आहे, त्याच हॉलमध्ये. मी विचारलं, या वेळी अर्जावर काय लिहिलंस?

"वाढदिवस."

"कोणाचा?"

"ड्रमरचाच. गेल्या वेळी पण त्याचाच होता, पण खिडकीवर आता दुसरे साहेब आलेत."